बाप्तिस्मा कोणाच्या इच्छेने?

१८३९ सालच्या मे महिन्यात मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सोळा-सतरा वर्षांच्या एका पारशी मुलाला हजर करण्यात आले. त्याचे नाव धनजीभाई नौरोजी. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत तो शिकत होता आणि १ मे रोजी त्याने बाप्तिस्मा घेतला होता. चारच दिवसांनी त्याचा मित्र होरमसजी पेस्तनजी यानेही घेतला. पारशी समाज हादरला. नातेवाइकांनी हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. मुलगा अजाण आहे, त्याला फूस लावली आहे, पाद्र्याने त्याला डांबून ठेवले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मुलाची समज आणि त्याचे म्हणणे पाहून, त्याला जिथे जायचे असेल तिथे जाण्यास तो मोकळा आहे असे कोर्टाने ठरवले. तो विल्सनसाहेबांकडे गेला. शाळेतले पारशी विद्यार्थी मात्र भराभर नाव काढून घरी गेले.

चार वर्षांनी, १८४३ मध्ये, त्याच कोर्टापुढे जवळजवळ तोच प्रश्न पुन्हा आला आणि निकाल नेमका उलटा लागला. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने सप्टेंबरात बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा वर्षे, हाही मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या घरी राहत होता. त्याचा बाप्तिस्मा अजून झाला नव्हता, पण परक्याच्या पंगतीला तो जेवला होता. वडिलांनी दावा लावला. आपल्याला इथेच राहायचे आहे असे श्रीपतचे म्हणणे होते. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी ते मानले नाही. इतक्या लहान मुलाची इच्छा ही कायद्याच्या लेखी इच्छाच नव्हे, असे ठरले आणि पोर बापाच्या हवाली झाले. त्यानंतरचे प्रकरण मराठी वाचकाला अधिक परिचयाचे आहे. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबई-पुण्याच्या ब्रह्मवृंदात वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर घ्यावे या बाजूने उभे राहिले आणि त्यापायी कर्मठांचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

या दोन खटल्यांकडे आपल्याकडे सामाजिक इतिहासाचा भाग म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या पोटात एक धर्मशास्त्रीय पेच दडलेला आहे, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. विल्सन आणि नेस्बिट हे दोघेही प्रेस्बिटेरियन. त्यांनी ज्या विश्वासपत्रिकेवर सही केली होती ती वेस्टमिन्स्टरची, १६४६ सालची. तिच्या तिसऱ्या अध्यायात देवाच्या अनादी संकल्पाचे विवेचन आहे: कोण तरणार हे देवाने जग घडवण्यापूर्वीच ठरवले आहे, आणि ते माणसाच्या कर्तबगारीकडे पाहून ठरवलेले नाही. नवव्या अध्यायानुसार आदामाच्या पतनानंतर माणसाची इच्छा इतकी पंगू झाली आहे की तारणाकडे तो आपल्या बळावर वळूच शकत नाही. आणि असे मानणारे हे पाद्री इंग्रज न्यायाधीशापुढे शपथेवर सांगत होते की हा मुलगा स्वतःच्या इच्छेने आला आहे.

मग ते खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. त्याच विश्वासपत्रिकेचा दहावा अध्याय सांगतो की देव निवडलेल्यांना ओढून घेतो खरा, पण ते येतात ते अगदी राजीखुशीने, कारण कृपेनेच त्यांचे मन राजी केलेले असते. म्हणजे विल्सन यांच्या हिशेबी धनजीभाईची इच्छाही खरी आणि देवाची निवडही खरी. कोर्टाला त्यातला पहिला अर्धा भाग पुरेसा होता. दुसरा अर्धा कोर्टाच्या अधिकारक्षेत्रात येत नव्हता.

या व्याख्यानाचा विषय आहे तो हाच दुसरा अर्धा भाग, आणि पहिल्याशी त्याचे मराठी मुलखात कसे जमले किंवा कसे बिनसले ते. युरोपात हा वाद विद्यापीठांत आणि धर्मसभांत रंगला. आपल्याकडे तो घरात, कोर्टात, दुष्काळात आणि आगगाडीच्या डब्यात रंगला. ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसाला एकच प्रश्न दोन बाजूंनी विचारला गेला. बाप, जात आणि सरकार विचारत होते: हे तू ठरवलेस की तुझ्याकडून कोणी करवून घेतले? मनाशी आणि देवाशी बोलताना तोच माणूस विचारत होता: हे मी केले की माझ्या बाबतीत घडले? पहिल्या प्रश्नाला ‘मी ठरवले’ हे एकच सन्मानाचे उत्तर आहे. दुसऱ्याला ख्रिस्ती परंपरेत ‘त्याने मला घेतले’ हेच प्रामाणिक उत्तर मानले जाते. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी ठीक असतात. जागांची अदलाबदल झाली की अनर्थ होतो, आणि तशी अदलाबदल मुंबईच्या उपनगरांच्या आपल्या या साष्टी बेटावर झालेली आहे.

मूळ वाद थोडक्यात सांगून पुढे जावे. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस म्हणाला की माणूस ठरवील तर नीतीने जगू शकतो. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन म्हणाला, ठरवण्याची ताकदसुद्धा देणगीच आहे. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची मते फेटाळली. हजार वर्षांनी इरॅस्मसने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली आणि पुढच्याच वर्षी ल्यूथरने ती खोडून काढली. कॅथलिकांनी १५४७ मध्ये ट्रेंट येथे मधला मार्ग काढला: आधी कृपा, पण माणूस तिला होकार देतो आणि हवे तर नकारही देऊ शकतो. प्रोटेस्टंटांत कॅल्विनच्या अनुयायांनी देवाच्या निवडीवर भर दिला, तर आर्मिनियसच्या अनुयायांनी माणसाच्या होकाराला जागा मागितली. १६१८-१९ च्या डॉर्टच्या सभेत आर्मिनियसवाले हरले, पण पुढे जॉन वेस्ली आणि त्याच्या मेथडिस्टांच्या रूपाने तेच मत जगभर पोचले.

आता साष्टी. १५३४ मध्ये वसई आणि आसपासची बेटे गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे आली. त्यांच्यामागोमाग फ्रान्सिस्कन आणि जेझुइट आले. बोरिवलीला मंडपेश्वराच्या लेण्यात फ्रान्सिस्कनांनी प्रार्थनास्थळ केले आणि वरच्या अंगाला मठ उभारला. लेण्याच्या भिंतीवर कोरलेला क्रूस अजून आहे, आणि आत आज पुन्हा महादेवाची पूजा चालते. वांद्र्याचे सेंट अँड्र्यूज १५७५ चे. अंधेरी पूर्वेला सीप्झच्या आवारात कोंदिविट्याच्या योहान बाप्तिस्ताच्या देवळाचे अवशेष आहेत. ते १५७९ साली बांधले गेले आणि १८४० च्या सुमाराच्या साथीनंतर ओस पडले. गावकरी मरोळला सरकले. १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यातक्षेत्र झाले तेव्हा ते पडके देऊळ कुंपणाच्या आत गेले, तरी वर्षातून एकदा मरोळची मंडळी तिथे जाऊन सण साजरा करतात. इथले जुने ख्रिस्ती, म्हणजे ईस्ट इंडियन, चर्चला अजून देऊळच म्हणतात.

मरोळ, चकाला, सहार, आंबोली, गोराई, मनोरी या गावठाणांतल्या कोळी, भंडारी, कुणबी घरांच्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला तो कोणाच्या इच्छेने? कागदावर उत्तर स्वच्छ आहे. १५६७ च्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने कोणालाही बळाने ख्रिस्ती करू नये असे बजावले. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ते सुसंगतच होते, कारण ट्रेंटच्या मते होकार हा मनापासूनच हवा. पण त्याच राजवटीत हिंदू देवळे पाडली जात होती, सण-उत्सवांवर बंदी येत होती, नव्या ख्रिस्त्यांना सवलती आणि जुन्या धर्माला चिकटून राहणाऱ्यांना अडचणी असा कारभार होता. १५५९ च्या राजाज्ञेने पोरकी हिंदू मुले पाद्र्यांच्या ताब्यात देऊन त्यांना ख्रिस्ती करण्याची मुभा दिली. पोरक्या मुलाच्या होकाराची चौकशी कोण करणार? वर सांगितलेली अदलाबदल ती हीच. देवाच्या सार्वभौमत्वाची भाषा राजाच्या सार्वभौमत्वाने उसनी घेतली, आणि निवडणारा हात कोणाचा हे सांगणे कठीण झाले.

आणि तरीही ही गोष्ट इथेच संपत नाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. साष्टीतली पोर्तुगीज सत्ता गेली. ज्या सवलतींसाठी लोक ख्रिस्ती झाले असे म्हणावे त्या सवलती संपल्या, ज्या धाकाने झाले असे म्हणावे तो धाकही संपला. या गावांतले बहुतेक लोक मात्र ख्रिस्तीच राहिले. पुढे १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेऊन आपली संघटना काढली. दोनशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजांनी जे केले ते पूर्ण स्वेच्छेचे होते असे म्हणवत नाही, पण नातवंडांनी जे टिकवले ते सक्तीचे होते असेही म्हणवत नाही. आधी घडलेल्या गोष्टीला मागाहून होकार देणे हीही इच्छेचीच एक रीत आहे. तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्यामागे कॅथलिक तर्क जवळजवळ हाच असतो: होकार आज धर्ममाता-पिता देतात, दृढीकरणाच्या वेळी मूल तो आपल्या तोंडाने देते. इतिहासाने एका अख्ख्या समाजाच्या बाबतीत हा विधी दोन शतके लावून पार पाडला, असे म्हटले तर फार मोठी अतिशयोक्ती होणार नाही.

कोंदिविट्याचे देऊळ उभे राहिले त्याच वर्षी, १५७९ मध्ये, इंग्लंडात जन्मलेला थॉमस स्टीफन्स लिस्बनहून गोव्याला उतरला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, जवळपास अकरा हजार ओव्यांचे. नव्या ख्रिस्त्यांना जुन्या पुराणांची उणीव भासत होती, ती भरून काढण्याचा तो उद्योग होता. स्टीफन्स जेझुइट होता, आणि त्याच्या हयातीत त्याच्या संघाने कॅथलिक जगातला सर्वांत कडवट वाद याच विषयावर लढवला. पोर्तुगालमध्ये शिकवणाऱ्या लुईस द मोलिना या जेझुइटाने १५८८ मध्ये लिस्बनला एक ग्रंथ छापला. त्याचे म्हणणे असे: अमुक परिस्थितीत अमुक माणूस स्वेच्छेने काय करील हे देवाला आधीच ठाऊक असते, ते जाणून तो जगाची मांडणी करतो, म्हणून त्याची योजनाही अढळ आणि माणसाची इच्छाही मोकळी. डोमिनिकन खवळले. त्यांच्या मते यात देव माणसाच्या निर्णयावर अवलंबून राहतो. रोममध्ये वर्षानुवर्षे सुनावण्या झाल्या. अखेर १६०७ मध्ये पाचव्या पॉल पोपने निकाल दिला तो असा की कोणी कोणाला पाखंडी म्हणू नये, आणि अंतिम निर्णय योग्य वेळी जाहीर होईल. ती योग्य वेळ रोमला चारशे वर्षांत सापडलेली नाही.

हे सारे आठवायचे ते एवढ्यासाठी की पुराणाच्या मांडणीत हा पेच वेगळ्याच तऱ्हेने सुटतो. कथेत देवाचा संकल्प आणि आदामाचा अपराध एकाच पानावर नांदू शकतात. रावणाचा वध विधिलिखित होता आणि रावण दोषीही होता, हे मान्य करताना कीर्तनातल्या श्रोत्याला कधी अडचण आली नाही. स्टीफन्सने मोलिना ओवीत घातला नाही. त्याने गोष्ट सांगितली, आणि तेवढ्याने काम भागले असावे.

प्रोटेस्टंटांचा मार्ग गोष्टीचा नव्हता, युक्तिवादाचा होता. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापणारा विल्यम कॅरी आपल्याला भाषेचा अभ्यासक म्हणून ठाऊक आहे. तो मुळात नॉर्थहॅम्प्टनशरचा चांभार आणि बाप्टिस्ट उपदेशक. त्याच्या पंथात कॅल्विनचे मत इतके ताणले गेले होते की ज्यांना देव निवडील त्यांना तोच आणील, आपण दूरदेशी जाऊन सांगायचे कशाला, असे म्हणणारे लोक होते. कॅरीने १७९२ मध्ये पुस्तिका लिहिली ती याविरुद्ध. तिच्या लांबलचक नावातच भूमिका आहे: परराष्ट्रीयांच्या धर्मांतरासाठी साधने वापरणे हे ख्रिस्त्यांचे कर्तव्य. देव सार्वभौम आहे हे त्याने नाकारले नाही. तो सार्वभौम देव साधनांतून काम करतो एवढेच तो म्हणाला. जहाज, छापखाना, व्याकरण, कोश ही ती साधने. मराठीचे व्याकरण छापले गेले त्यामागे पूर्वनियतीवरचा एक वाद होता, हे आपल्या वाङ्मयेतिहासात नोंदवायला हरकत नाही.

१२ फेब्रुवारी १८१३ रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. हे न्यू इंग्लंडचे काँग्रिगेशनलिस्ट, म्हणजे त्यांचा वारसाही कॅल्विनचाच. १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर हा मेथडिस्ट प्रचारक मुंबईत सभा घेऊ लागला. त्याचा देव सर्वांना बोलावणारा होता आणि माणसाने आज, आत्ता, या सभेत उत्तर द्यायचे होते. १८४८ पासून मुंबईत फकिरासारखा राहणारा जॉर्ज बोवेन, जो अमेरिकन मराठी मिशनमधून आला होता, तो मेथडिस्टांना जाऊन मिळाला आणि १८८८ मध्ये वारला तो त्यांचाच म्हणून.

पुढे मिशनांनी आपसांत महाराष्ट्र वाटून घेतला. अहमदनगर, सोलापूर, सातारा बहुतांशी अमेरिकन मराठी मिशनकडे, कोल्हापूर, सांगली, मिरज, रत्नागिरी अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे, जालना, नागपूर स्कॉटिशांकडे, नाशिक अँग्लिकनांकडे. परिणाम मोठा गमतीचा झाला. जन्मापूर्वी देवाने काय ठरवले याविषयी मराठी ख्रिस्त्याचे मत काय असेल हे त्याचा जिल्हा कोणत्या मिशनच्या वाट्याला आला यावर ठरू लागले. कॅल्विनला हे आवडले असते. आर्मिनियसने कपाळाला हात लावला असता.

मराठी ख्रिस्त्याने स्वतःच्या भाषेत यावर काय म्हटले ते पाहायचे तर नारायण वामन टिळकांकडे जावे लागते. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना आगगाडीचा प्रसंग आठवेल. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. संस्कृत काव्यावर बोलणे निघाले. त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि निरोप घेताना, तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. टिळकांना ते तेव्हा हास्यास्पद वाटले. पुस्तक वाचायला घेतले, डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते अडकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या गृहस्थाचे नाव टिळकांना कधी कळले नाही.

हा प्रसंग दोन्ही अंगांनी वाचता येतो. निवडीवर विश्वास असणारा म्हणेल, भाकीत केले आणि खरे ठरले, माणसाच्या हातात काय होते? पण टिळकांचे वर्तन बाहुल्याचे नव्हते. त्यांनी पुस्तके मागवली, शंका लिहून पाठवल्या, वाद घातला, भीतीने दिवस काढले, आणि बायको-मुलापासून तुटण्याची किंमत मोजली. पुढे ते सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पुलावरून चालावे लागते, पण पूल आपण बांधलेला नसतो.

इथे आपल्याकडच्या एका जुन्या भांडणाची आठवण होते. श्रीवैष्णवांत तेंगलै आणि वडगलै अशी फाळणी झाली ती याच मुद्द्यावर. मांजर पिलाला तोंडात धरून नेते, पिलाला काही करावे लागत नाही. माकडाचे पिलू मात्र आईला घट्ट धरते. कृपा मार्जारन्यायाने मिळते की मर्कटन्यायाने? जर्मन अभ्यासक रुडॉल्फ ओटोने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ख्रिस्ती कृपासिद्धांताशी या कृपाविचाराची तुलना करून पुस्तक लिहिले. वारकरी परंपरेने अशी फाळणी होऊ दिली नाही. विठ्ठलाने धावून यावे अशी हाकही ती घालते आणि पंढरीची वाट पायीही चालते. टिळक या घरचे. म्हणून त्यांच्या भक्तिरचनेत कॅल्विनचा कठोर ताळेबंद दिसत नाही आणि मेथडिस्ट सभेतली घाईही दिसत नाही. १९१७ मध्ये मिशनचा राजीनामा देऊन त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या दोघांसाठीही. कुंपणाच्या आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवण्याचा मिशनचा हक्क त्यांनी त्या एका कृतीने बाजूला सारला. ९ मे १९१९ रोजी ते गेले. प्रयोग फार पुढे जाऊ शकला नाही.

पण या विषयावरचे सर्वांत चांगले मराठी साक्षीपुराव्याचे पुस्तक टिळकांचे नाही, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ आहे. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा शास्त्राने, समाजाने आणि रूढीने त्यांना एकच भूमिका देऊ केली होती: जिच्यावर संकट आले ती बायको. चार-पाच वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. नगरला परत एकत्र आल्या तेव्हाही सोवळे सोडले नाही. एकाच संसारात चुली दोन. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे त्या आवर्जून सांगतात. मग एके दिवशी त्यांच्याच मनात विचार आला की जाती देवाने केल्या की माणसांनी, आणि माणसांनी केल्या असे त्यांनी ठरवले. त्यानंतर कोणाच्याही हातचे पाणी त्या प्यायल्या. येशूवरचा विश्वास त्यानंतर हळूहळू आला, आणि १९०० साली राहुरीला बाप्तिस्मा झाला. या कथनात दिव्य प्रकाश नाही, आकाशवाणी नाही. एक बाई विचार करते आणि तो विचार तिला जिकडे नेतो तिकडे जाते. तरीही त्यांना विचारले असते तर हे आपल्या हुशारीने घडले असे त्या म्हणाल्या नसत्या. ‘ख्रिस्तायन’ टिळकांनी अर्धवट टाकले होते, ते बाईंनी पुढे नेले. ज्या बाईला नवऱ्याने मुळाक्षरांपासून शिकवले तिने.

पंडिता रमाबाईंचे तसे नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजच्या जोगिणींच्या आश्रमात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्ररूपी झगडा सुरू झाला. मुद्दा आज्ञापालनाचा. चर्च सांगते ते मुकाट मानावे असे जेराल्डीनचे म्हणणे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान देणार नाही, असा रमाबाईंचा पवित्रा. त्या काळच्या पत्रांत ‘मी’ फार ठाम आहे. १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना मात्र त्या सांगतात की वाँटेजला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि तो पुढे मिळाला तो आपल्या करणीने नव्हे. काही अभ्यासकांना हा पराभव वाटतो: बंडखोर बाई अखेर शरण गेली. तसे म्हणणे उथळ आहे. जेराल्डीनपुढे त्या स्वतंत्र होत्या, केडगावच्या मुक्तीसदनात सरकारपुढे आणि पुण्याच्या टीकाकारांपुढेही होत्या. देवापुढे स्वतंत्र असण्याची त्यांना गरज वाटली नाही, एवढाच त्या साक्षीचा अर्थ.

रमाबाई आणि टिळक ही शिकलेली, नावाजलेली माणसे. नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांत जे हजारो लोक ख्रिस्ती झाले त्यांच्या बाप्तिस्म्याविषयी असे ग्रंथ नाहीत. १८७६-७८ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ त्या काळातलेच. गाव त्यांना भाकरीसाठी बाटलेले म्हणत असे, आणि उपाशी माणसाच्या होकाराचे वजन किती हा प्रश्न खुद्द मिशनऱ्यांनाही छळत असे. पण या प्रश्नाचा रोख नेहमी खालच्याकडेच असतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते त्याचे त्या गावच्या धर्मात राहणे स्वेच्छेचे होते का, असे कोणी विचारत नव्हते. तो प्रश्न १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला डॉ. आंबेडकरांनी विचारला. जन्म आपल्या हाती नव्हता, मरण मात्र त्या धर्मात येणार नाही, हे त्यांच्या घोषणेचे सार. त्यानंतर निर्णयाला त्यांनी एकवीस वर्षे घेतली आणि असा धर्म निवडला ज्यात निवडणारा ईश्वरच नाही.

स्वतंत्र भारतात प्रश्न पुन्हा कोर्टात गेला. ओडिशाने १९६७ मध्ये धर्मांतरावर कायदा केला. त्यात बळजबरीच्या व्याख्येत दैवी कोपाची धमकीही धरली होती. म्हणजे नरकाचे भय घालणे ही कायद्याने सक्ती ठरली. ऑगस्टीनपासूनच्या सगळ्या उपदेशकांनी यावर काय म्हटले असते कोण जाणे. ओडिशाच्या उच्च न्यायालयाने कायदा रद्द केला. मध्य प्रदेशानेही १९६८ मध्ये तसाच कायदा केला होता, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात दोन्ही कायदे उचलून धरले. धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही, असे न्यायालय म्हणाले. कडवा कॅल्विनवादी इथे न्यायालयाशी सहमत होईल अशी शक्यता आहे: माणूस माणसाला धर्मांतरित करूच शकत नाही, ते देवाचे काम. न्यायालयाला अर्थातच हे अभिप्रेत नव्हते.

पंथापंथांतली धार मात्र बोथट होत गेली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. काँग्रिगेशनलिस्ट-प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, बाप्टिस्ट असे जुने प्रतिस्पर्धी एका छताखाली आले. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट शेवटच्या टप्प्यात बाहेर राहिले. १९९९ मध्ये रोम आणि ल्यूथरनांनी तारणाच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणापत्र काढले आणि २००६ मध्ये मेथडिस्टांनी त्याला दुजोरा दिला. कृपा आधी, यावर आता बहुतेकांचे एकमत आहे. भांडण उरले आहे ते होकार केव्हा आणि कसा मोजायचा याचे.

ते भांडण उपनगरांत रोजच्या व्यवहारात येते. गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीत भावी धर्मगुरू कृपेचा सिद्धांत पुस्तकातून शिकतात. मुलुंड-घाटकोपरच्या एखाद्या सोसायटीत तो लग्नाच्या बोलणीत निघतो. मुलगी कॅथलिक, मुलगा पेंटेकॉस्टल मंडळीतला. बाळाचा बाप्तिस्मा करायचा की ते मोठे होऊन स्वतः मागेपर्यंत थांबायचे? एका आजीला वाटते, पोराला काही झाले तर? दुसरीला वाटते, न विचारता ओतलेल्या पाण्याला काय अर्थ? चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने एकीकरणाच्या वेळी यावर तोडगा काढला. तान्हेपणीचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण हाही मार्ग चालेल, आणि तान्हेपणी समर्पणविधी करून समजत्या वयात बाप्तिस्मा हाही चालेल, आईबापांनी ठरवावे. अट एकच, बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच.

कागदावर हे नीट बसते. अडचण येते ती विशीतला मुलगा रविवारी दुपारी मित्रांबरोबर दुसऱ्या सभेला जाऊ लागतो तेव्हा. एखाद्या आठवड्यात तो पाळकसाहेबांकडे येऊन म्हणतो की लहानपणी तुम्ही जे केले ते माझे नव्हते, मला आता माझ्या इच्छेने पाण्यात उतरायचे आहे. पाळक त्याला सांगतात की तुझ्या आधी देवाने होकार दिला होता, त्याचीच ती खूण होती, ती पुन्हा करता येत नाही. मुलगा ऐकून घेतो. कधी तो थांबतो, कधी पुढच्या महिन्यात जाऊन पाण्यात उतरतो, आणि मग मंडळीच्या कमिटीत त्याचे नाव वहीवर ठेवायचे की नाही यावर चर्चा होते.